हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत पेन्शनच्या खिडकीपुढे म्हाताऱ्या माणसांची जत्रा भरायची. सातारा जिल्हा, त्यात आमचा भाग फौजी गावांचा, म्हणून रांगेत निम्म्याहून जास्त बायका सैनिकांच्या विधवा. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक, पासबुकाच्या पोटात आधार कार्ड. काम प्रत्येकीचं एकच. आपण अजून आहोत एवढं सांगायचं आणि त्यावर शिक्का घ्यायचा. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. त्या खिडकीवर मी अकरा वर्षं काढली.

२०१४च्या नोव्हेंबरात बोटाच्या ठशावर चालणारा दाखला आला. ठसा जुळला तर माणूस जिवंत. पुढच्या वर्षीची गोष्ट. एका आजीचं एकही बोट जुळेना. आयुष्यभर भांगलण, खुरपणी आणि शेणाच्या पाट्या. रेषा उरल्याच नव्हत्या. मी ओल्या फडक्यानं बोटं पुसली, अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला. यंत्र प्रत्येक वेळी लाल. शेवटी आजी वैतागली. "आरं, मी तुझ्या म्होरं हुबी हाय न्हवं? मग त्या डबड्याला काय इचारतोस?"

बरं, तिची अडचण तेवढीच नव्हती. वयाला ऐंशी पूर्ण झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शनीइतकीच रक्कम वर मिळते. पण ऐंशी झाली हे ठरवायचं कुणी? नवऱ्याच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रावर, तिची जन्मतारीख नव्हतीच. आधारवर होती एक जानेवारी १९४१. आमच्याकडे शाळेत गेलेल्यांचा जन्म एक जूनचा आणि न गेलेल्यांचा एक जानेवारीचा. आजीचा हिशेब वेगळा होता. "गांधीबाबाला मारला त्या साली मी न्हातीधुती झाले." म्हणजे जन्म १९३४च्या आसपास. मला पटलं. वरच्या ऑफिसला पटलं नाही. 'जन्मतारखेचा पुरावा जोडावा' असा शेरा मारून कागद परत आला.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता, तेव्हा म्हणजे २०१६च्या फेब्रुवारीत, तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. तुम्हीही पाहिला असेल. व्हाइट हाऊसमध्ये एक ठेंगणी म्हातारी आत येते, हातात काठी, आणि ओबामा दांपत्याला बघून लहान मुलीसारखी थुईथुई नाचायला लागते. ओबामा तिला सांगतायत, जरा दमानं घ्या. व्हर्जिनिया मॅकलॉरिन हे तिचं नाव, वय १०६. जन्म १२ मार्च १९०९, साउथ कॅरोलिनामधला, वाट्यानं शेती करणाऱ्या घरातला. पुढे वॉशिंग्टनला येऊन लोकांच्या घरी कामं केली, शिवण केलं, आणि म्हातारपणी अपंग मुलांच्या शाळेत आठवड्याला चाळीस तास मानलेली आजी म्हणून जाऊन बसू लागली. हे शेवटचं काम शंभरीनंतरही चालू होतं. काळा राष्ट्राध्यक्ष, त्याची काळी बायको, आणि मी इथं काळ्यांचा इतिहास साजरा करायला आलेय, असं ती त्या दिवशी म्हणाली.

इथपर्यंत जगाला ठाऊक आहे. पुढचं मला जास्त जवळचं. व्हिडिओ गाजल्यावर तिला टीव्हीवाल्यांची बोलावणी आली, न्यूयॉर्कहून, लॉस एंजेलिसहून. विमानात बसायचं तर फोटोचं ओळखपत्र हवं. तिचं जुनं पाकिटाबरोबर चोरीला गेलेलं. नवं काढायला गेली तर म्हणाले, जन्मदाखला आणा. तिचा जन्मच सुइणीच्या हातचा, दाखला कुठला? साउथ कॅरोलिनाकडे मागणी करावी तर तिकडून उत्तर, आधी फोटोचं ओळखपत्र दाखवा. राष्ट्राध्यक्षाच्या हातात हात घालून नाचलेली बाई, आणि ती कोण आहे हे सरकारला माहीत नाही! वाचून मी अक्षरशः खुर्चीत सावरून बसलो. ही तर आमचीच खिडकी.

शेवटी वर्तमानपत्रात बोभाटा झाला, एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या महापौरांनी सत्तरीपुढच्या लोकांसाठी नियम सैल केला आणि आजीबाईंना कार्ड मिळालं. ११३ वर्षं जगून त्या २०२२च्या नोव्हेंबरात वारल्या.

तेव्हापासून मला नाद लागला. शंभरी पार केलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसांबद्दल दिसेल ते वाचायचं. वर्तमानपत्रांचा या बाबतीत एकच प्रश्न ठरलेला: दीर्घायुष्याचं रहस्य काय? सुझॅना मशॅट जोन्स ११६ वर्षं जगली, १८९९ साली अलाबामात जन्मलेली, काही काळ जगातली सर्वांत वयस्क व्यक्ती. आणि बातम्यांत काय, तर ती रोज सकाळी बेकन खायची. टेक्सासचे रिचर्ड ओव्हरटन दुसऱ्या महायुद्धात लढलेले, ११२ वर्षांचे झाले. त्यांच्या बातमीत सिगार आणि कॉफीतली व्हिस्की. वाचणाऱ्याला गंमत वाटते, त्यात गैर नाही. पण सुझॅनाबाईंनी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळून मिळालेल्या पगारातून आपल्या भाच्यांना कॉलेजात घातलं, हे मात्र शेवटच्या परिच्छेदात असतं.

आकडा बघा. १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बाळाचं सरासरी आयुर्मान ४७.६ वर्षं होतं. गोरं नसलेल्या बाळाचं ३३. म्हणजे या बायका-पुरुषांनी आपल्या वाट्याच्या आयुष्याची तिप्पट वसुली केली.

आणि ती वसुली कागदावर दाखवणं हेही एक कामच. १८५० आणि १८६०च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी असायची. तिच्यात नाव असायचं मालकाचं. त्याखाली ओळीनं: स्त्री, वय ३०, पुरुष, वय १२, रंग काळा. बस्स. गुरांच्या बाजाराच्या पावतीवरही बैलाचा रंग आणि दात लिहितात, तसं. बहुतेकांची नावं शिरगणतीत आली ती गुलामी संपल्यावर, १८७० साली. जन्मनोंदणी तर त्याहून उशिराची. राष्ट्रीय पद्धतीत शेवटचं राज्य, टेक्सास, सामील झालं १९३३मध्ये. तोवर घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानावर कुणी लिहून ठेवलं असेल तर ठीक, नाहीतर 'मोठा पूर आला त्या वर्षी' असा हिशेब. आमच्या आजीचा गांधीबाबा, त्यांचा पूर.

म्हणून यात घोळही होतात, आणि तेही मजेचे. बाल्टिमोरचा पियानोवादक यूबी ब्लेक. १९८३च्या फेब्रुवारीत त्याचा शंभरावा वाढदिवस धूमधडाक्यात झाला, पाच दिवसांनी तो गेला. मागाहून कागद निघाले त्यात जन्म १८८७चा, म्हणजे शंभरीला चार कमी. इतकी वर्षं जगणार हे माहीत असतं तर तब्येतीची जास्त काळजी घेतली असती, हे वाक्य त्याच्या नावावर सांगतात. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांतही एक जुना वाद आहे. तिथल्या आकड्यांत तरुणपणी, मध्यमवयात काळ्यांचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा जास्त, पण ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे तो कमी दिसायला लागतो. काही म्हणतात, जे इतके हाल सोसून तिथवर पोचले ते मुळातच चिवट. काही म्हणतात, छे, वयंच चुकीची लिहिलेली आहेत. खिडकीवर बसलेल्या माणसाला दोन्ही खरं वाटतं.

ज्यांच्या घरी कागद होते अशा दोन बहिणी म्हणजे डिलेनी भगिनी. यांच्यावर माझा विशेष जीव. सेडी थोरली, १८८९ची. बेसी धाकटी, १८९१ची. वडील जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मले. सुटका झाली तेव्हा सात वर्षांचे. पुढे ते शिकले, पाद्री झाले, १९१८मध्ये आपल्या पंथातल्या अगदी पहिल्या काळ्या बिशपांपैकी एक झाले. दहा मुलं, आणि दहाही शिकली. राली शहरातल्या ज्या शाळेच्या आवारात ती वाढली तिथेच आईवडील काम करत.

दोघी न्यूयॉर्कला गेल्या. बेसी कोलंबिया विद्यापीठातून १९२३ला दातांची डॉक्टर झाली, न्यूयॉर्क राज्यात परवाना मिळवणारी दुसरी काळी स्त्री. हार्लेममध्ये दवाखाना काढला. स्वभाव तिखट. सेडी मऊ, पण मऊपणातला मुरब्बीपणा बघा. तिला हायस्कूलमध्ये गृहशास्त्र शिकवायचं होतं. गोऱ्या मुलांच्या शाळेत काळी शिक्षिका कुणी घेईना. यादीत तिचा नंबर वर आला, मुलाखतीचं पत्र आलं. ही मुलाखतीला गेलीच नाही! पत्राचा काहीतरी घोटाळा झाला असं भासवलं आणि थेट शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गावर हजर. तोंड बघून सगळे गार झाले, पण नेमणूक होऊन गेली होती, आता काढायचं कसं? सरकारी कारभारातली फट शोधून तिच्यातून अंग चोरून आत शिरायचं, ही विद्या मी रांगेतल्या कितीतरी बायकांत पाहिली आहे. तिचं शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळत नाही.

दोघींनी लग्न केलं नाही. इतकं जगण्याचं कारण विचारलं की जिवाला घोर लावायला नवरे नव्हते, असं हसत सांगायच्या. माउंट व्हर्ननच्या घरात फोन ठेवला नाही. रोज लसूण खायच्या, कॉड माशाचं तेल घ्यायच्या, आणि योगासनं करायच्या. गुलामाच्या घरची लेक शंभराव्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या घरात सकाळी आसनं करते, हे चित्र मला फार आवडतं. आमच्या शाखेत योगदिनाला साहेबांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं तेव्हा पंचेचाळिशीतल्या कॅशियरला उठवायला दोघे लागले होते. असो. १९९३मध्ये दोघींच्या आठवणींचं पुस्तक निघालं, अफाट खपलं, त्यावर ब्रॉडवेवर नाटक आलं. बेसी १०४व्या वर्षी गेली. सेडी १०९ वर्षं जगली, १९९९च्या जानेवारीपर्यंत. बाप गुलाम म्हणून जन्मलेला, आणि लेक इंटरनेटच्या काळात हयात.

हे अंतर मोजण्याचा खेळ मी तेव्हापासून खेळतो. त्यातला सगळ्यात मोठा डाव बेटी रीड सॉस्किन यांचा. जन्म १९२१चा. पणजी लिओन्टीन, लुइझियानात १८४६ला गुलाम म्हणून जन्मलेली, ती १०२ वर्षं जगून १९४८ला वारली. तेव्हा बेटी सत्तावीस वर्षांची, लग्न झालेली. म्हणजे गुलामी जिनं अंगावर काढली तिच्याशी ही मोठेपणी बसून बोललेली आहे. २००९मध्ये ओबामांच्या शपथविधीला बेटीबाई गेल्या तेव्हा पणजीचा फोटो खिशात घेऊन गेल्या. १८४६ ते २००९, मध्ये माणसं किती? दोन.

बेटीबाईंचं मला अप्रूप आणखी एका कारणानं. त्या कारकून होत्या. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियात रिचमंडला जहाजं बांधण्याचा प्रचंड कारखाना होता. बॉयलरवाल्यांच्या युनियननं काळ्यांसाठी वेगळी शाखा काढलेली, कारण मूळ शाखेत त्यांना जागा नव्हती. तिथे त्या पत्ते बदलल्याची कार्डं लावायच्या. एकही जहाज डोळ्यांनी नीट पाहिलं नाही. साठ वर्षांनी त्याच जागेवर युद्धकाळातल्या कामगार स्त्रियांचं राष्ट्रीय स्मारक उभारायचं ठरलं. आराखड्याच्या बैठकांना त्या आमदाराच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. ज्या इमारती जपायच्या म्हणून चर्चा चालली होती त्या काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या वस्त्यांच्या होत्या, हे त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणाच्या ध्यानातच नव्हतं. काय लक्षात राहतं ते, आठवायला खोलीत कोण बसलंय यावर ठरतं, असं त्या नंतर सांगत. म्हणून त्या खोलीतून उठल्याच नाहीत. पंच्याऐंशीच्या घरात त्याच उद्यानाच्या रेंजर झाल्या, गणवेश आणि टोपी घालून लोकांना ती कहाणी सांगायला उभ्या राहिल्या. निवृत्त झाल्या २०२२च्या मार्चअखेर, वय वर्षं शंभर. साठीला शाल-श्रीफळ घेऊन घरी आलेल्या मला हे वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं.

अंतराळयानाच्या वाटेचं गणित मांडणाऱ्या कॅथरीन जॉन्सन १०१ वर्षं जगल्या, तीन युद्धांत ४०९ मोहिमा उडालेले वैमानिक चार्ल्स मॅक्गी १०२. त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय, मी काय भर घालणार. मला त्यांच्यापेक्षा टेक्सासचे जॉर्ज डॉसन जवळचे वाटतात.

डॉसन १८९८चे. गुलामांचे नातू. घरातले थोरले, म्हणून लहानपणीच कामाला जुंपले, शाळा राहिली. पुढे डॅलसमध्ये डेअरीत वर्षानुवर्षं काम केलं. वाचता येत नाही हे चारचौघांत कळू द्यायचं नाही, मुलांचा अभ्यास मात्र घ्यायचा. सहीच्या जागी फुली. आमच्याकडे अंगठा, तिकडे फुली. १९९६मध्ये कुणीतरी दार ठोठावून सांगितलं, मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू आहेत. वय ९८. हे तडक निघाले. मुळाक्षरं म्हणे दोनेक दिवसांत पाठ झाली, मग शब्द, मग नाव. १०३व्या वर्षी गेले तेव्हा स्वतःचं पुस्तक आलेलं होतं. सही करायला शिकलेल्या माणसाचा चेहरा मी खिडकीतून पाहिला आहे. साक्षरता वर्गाला गेलेली बाई फॉर्मवर आपलं नाव लिहिते तेव्हा जीभ जरा बाहेर येते, पेन कागदाला भोक पाडेल इतकं दाबलेलं असतं, आणि शेवटची रेघ ओढून झाली की ती मान वर करून आपल्याकडे बघते. तेव्हा शिक्का लगेच मारू नये. थोडं थांबावं.

आमच्या त्या आजीचं काम दोन वर्षांनी झालं. नवऱ्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात एक पिवळा कागद निघाला, १९५१चा. त्यावर कुण्या हवालदार-कारकुनानं लिहून ठेवलं होतं: पत्नी, वय १७. तेवढ्या दोन आकड्यांवर थकबाकीसकट पैसे आले. आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग मी काय येगळं सांगत व्हते?"

पण सगळ्यांचा कागद निघत नाही. किंवा कागद असतो, माणूस असतं, सगळं जग बघत असतं आणि तरी शेरा येतो. व्हायोला फ्लेचर हे त्यातलं नाव. १९१४ साली ओक्लाहोमात जन्म. तल्सा शहरातल्या ग्रीनवूड भागात घर. काळ्या लोकांची दुकानं, दवाखाने, हॉटेलं असलेली ती भरभराटीची वस्ती ३१ मे आणि १ जून १९२१ला गोऱ्यांच्या जमावानं जाळली. पस्तीसेक ब्लॉक बेचिराख झाले, हजारावर घरं गेली. मेलेल्यांचा अंदाज तीनशेपर्यंत जातो. व्हायोला सात वर्षांची. आईनं झोपेतून उठवलं आणि सगळे पळाले. त्या पळापळीत शाळा सुटली ती चौथीच्या पुढे गेलीच नाही. मोठेपणी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, ८५ वर्षांच्या होईपर्यंत.

पेन्शनचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत वृद्धांच्या पेन्शनचा कायदा १९३५ला आला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले होते. दक्षिणेतले बहुतेक काळे लोक नेमके हीच दोन कामं करत. त्याच्याही आधी, गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांना पेन्शन द्या म्हणून कॅली हाउस या धोबिणीनं देशभर संघटना उभारली होती. सरकारनं १९१७ला तिलाच टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं.

तर व्हायोलाबाई. १९ मे २०२१ला, वयाच्या १०७व्या वर्षी, त्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच वॉशिंग्टनला आल्या होत्या. त्या भाषणाचं चित्रण आहे. समोर मायक्रोफोन, आवाज बारीक पण ठाम. रस्त्यावर पडलेली प्रेतं अजून दिसतात, धुराचा वास अजून येतो, असं सांगितलं. हा देश विसरेल, मी विसरू शकत नाही, विसरणार नाही. आणि रोजच्या गरजाही जेमतेम भागतात, हेही सांगितलं. शेजारी धाकटा भाऊ ह्यूज व्हॅन एलिस, वय शंभर, घटनेच्या वेळी काही महिन्यांचं तान्हं पोर, महायुद्धात लढून आलेला. न्याय मिळाल्याशिवाय मला या जगातून जाऊ देऊ नका, असं तो रडत म्हणाला.

तो २०२३ला गेला. या दोघांनी आणि त्याच हल्ल्यातून वाचलेल्या लेसी रँडल यांनी मिळून भरपाईचा दावा लावला होता. १२ जून २०२४ला ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळणं कायम ठेवलं. २०२५च्या जानेवारीत केंद्राच्या न्याय खात्यानं अहवाल काढला: हल्ला संघटित होता, जवळजवळ लष्करी शिस्तीनं झालेला होता. पण खटला भरायला आता कुणी आरोपी जिवंत नाही. साक्षीदार होते, आरोपी नाही. हयातीचा दाखला उलट्या बाजूनं मागितला गेला.

२४ नोव्हेंबर २०२५ला व्हायोलाबाई वारल्या, १११ वर्षांच्या होऊन. लेसी रँडल यांना त्याच महिन्यात, दहा तारखेला, १११ वर्षं पूर्ण झाली होती; मागे त्या एकट्याच उरल्या. बातमी वाचताना कारकुनाची जुनी खोड म्हणून मी लेसीबाईंची जन्मतारीख मांडून पाहिली. १० नोव्हेंबर १९१४. म्हणजे शंभरी भरली १० नोव्हेंबर २०१४ला. आमच्याकडे बोटाचा ठसा घेऊन दाखला द्यायची पद्धत सुरू झाली ती त्याच दिवशी. पत्रक अजून माझ्याकडे आहे, कोपऱ्यात तारखेचा शिक्का आहे. योगायोग, दुसरं काही नाही. तरी मी पत्रकाच्या पाठीमागे पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहून ठेवलं.